ढगाची घंटा

चर्चची घंटा वाजवणारा येर्नेय वारला तो ऐन हिवाळ्यात, त्यामुळे गावाला घाई नव्हती. गारांचे ढग हिवाळ्यात येत नाहीत. त्याला पुरला, नंतरचं जेवण झालं, लोकांनी त्याच्या नावानं दोन-दोन घोट वाइन घेतली, आणि घंटेचा दोर त्याची बायको नेझा हिच्या हाती तसाच राहिला. सकाळ, दुपार, संध्याकाळ ती वाजवत होती आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण चेरीला मोहर आला, टेकडीवरच्या द्राक्षवेलींना कोंब फुटले, तशी गावाची झोप उडाली. ढगाची घंटा कोण वाजवणार?

संत उरबानच्या टेकडीवर हे काम म्हणजे मोठी जोखीम. पश्चिमेच्या डोंगरावर काळा ढग दिसला की घंटा सुरू करायची, आणि ढग डोक्यावरून उतरून जाईपर्यंत ती तुटू द्यायची नाही. घंटा कानी पडली की माणूस असेल तिथं, शेतात, गोठ्यात, भर रस्त्यात, चर्चकडे तोंड करून गुडघे टेकणार आणि ती थांबेपर्यंत प्रार्थना म्हणत राहणार. येर्नेयच्या आजोबानं एकदा हात बदलायला दोर सोडला होता म्हणे, तर तेवढ्यात निम्मी टेकडी गारांनी झोडपली. ते डोळ्यांनी पाहिलेलं एकही माणूस आता उरलं नव्हतं, पण सांगायचे सगळेच, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात गार थोडी थोडी मोठी होत जायची. पूर्वी घंटा तीन होत्या. युद्धात दोन तोफांसाठी वितळवायला नेल्या, थोरली तेवढी राहिली.

गावच्या बैठकीत गाश्पर उठला. गाश्पर चर्चचा कारभारी. किल्ल्या त्याच्या कमरेला, आणि टेकडीवरचा सगळ्यात मोठा द्राक्षमळाही त्याचाच.

"बाईच्या हातानं ढग हटायचा नाही," तो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस नेझा, पण खरं ते खरं. माझा भाचा लोय्झ आहे. बैलासारखा गडी आहे."

"बैल आहे खरा," दारात उभी असलेली पोलोना म्हणाली. पोलोना ही नेझाची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची, आणि तोंडानं फटकळ. बायका हसल्या. गाश्परची बायको तिल्का सगळ्यात जास्त हसली, म्हणून गाश्परनं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

म्हातारे फादर ब्लाझ खोकून म्हणाले, "या उन्हाळ्यापुरतं नेझाला राहू द्या. घंटेचं घर वाजवणाऱ्याचं; ते सोडून एवढ्यात कुठं जाईल ती?"

"आणि गारा पडल्या तर?" गाश्पर म्हणाला.

"तर लोय्झ," फादर म्हणाले.

नेझाला कुणी काही विचारलं नाही. ती मान खाली घालून नखाखालची माती काढत बसली होती.

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला तो लागलाच. पीठ मळताना, दूध काढताना, दाताळ्यानं गवत ओढताना तिची मान आपोआप पश्चिमेकडे वळायची. सकाळी गव्हाच्या पिठाचं घट्ट पिठलं आंबट दुधात कालवून खायला बसली तरी घास हातात आणि नजर खिडकीत.

"आई, ढग तुझ्या ताटात येऊन बसणार नाही," पोलोना म्हणायची. "जेव आधी."

"तुला काय, तू झोपतेस."

"आणि तू जागून काय करतेस? ढगाला टाके घालतेस?"

घंटा जड, नेझा हलकी. पहिल्यांदा जोर लावून ओढली तेव्हा वर जाणाऱ्या दोरानं तिला फरशीवरून हातभर उचललं. हळूहळू तिला कळलं की इथं जोराचं काम नाही, वेळ साधायचं आहे. घंटा वळते त्या क्षणाला अंग खाली टाकायचं आणि दोर वर निघाला की त्याला जाऊ द्यायचं. तळहातांची सालं निघाली. ती डुकराची चरबी चोळायची, वर फडकं गुंडाळायची, आणि भाकरी मोडताना बोटं ताठ होऊन बसायची. जून महिन्यात तीन ढग आले. तिन्ही वेळा तिनं नमो मारियाची प्रार्थना म्हणत तासतासभर दोर ओढला, आणि तिन्ही ढग नुसतं पाणी टाकून पुढं गेले. तिसऱ्यानंतर गाश्पर मळ्यातून वर आला, मनोऱ्याच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "मधे एकदा बारीक झाल्यासारखी वाटली."

"नाही झाली, दादा."

"मला वाटली." एवढं बोलून तो गेला. त्या रात्री नेझाला कणभरही झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ती फादरकडे गेली. ते मधमाश्यांच्या पेट्यांपाशी होते.

"फादर, घंटेनं खरंच ढग फुटतो?"

"घंटा ढगाला ऐकू जात नाही, नेझा. माणसांना ऐकू जाते. लोकांनी देवाला हाक मारावी म्हणून ती."

"मग हाक मारली तरी गारा पडल्या तर?"

फादर ब्लाझ चांगले होते, पण अशा वेळी त्यांची नजर दुसरीकडे वळायची. "देवाची इच्छा," ते म्हणाले आणि पेटीचं झाकण लावायला लागले. नेझाला वाटलं, देवाच्या इच्छेला राहायचं घर सोडावं लागत नाही.

जुलै संपता संपता कुरणाची कापणी निघाली. टेकडीच्या पायथ्याला नदी मोठा वळसा घेते. त्या वळशाच्या पोटात गावाचं सामाईक कुरण, आणि कुरणाच्या अलीकडे नदीचं जुनं कोरडं पात्र. पात्रावर दोन ओंडके टाकून केलेला पूल होता, तेवढीच वाट. वर डोंगरात पाऊस झाला की पाणी आधी या जुन्या पात्रात घुसतं आणि कुरणाचं बेट होतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण गवत वाळलं की वाळलं; ते थांबत नाही.

पोलोना पहाटेच दाताळं खांद्यावर टाकून निघाली.

"डोंगर काळवंडलाय," नेझा म्हणाली.

"रोजच काळवंडतो. गवत उचललं नाही तर हिवाळ्यात गाईला काय घालणार? तुझा दोर?"

"पाण्याकडे बघत राहा."

"तू ढगाकडे बघ, मी पाण्याकडे बघते." पोरगी हसत उतरणीला लागली. तिच्या मागं तिल्का, तिच्या मागं विळे घेतलेले गडी, असं मिळून तीसेक माणूस खाली गेलं.

दुपारी वारा पडला. कोंबड्या चोची उघडून सावलीला पडल्या. डोंगरामागून ढग वर आला तो नेहमीसारखा काळा नव्हता. काळ्याच्या पोटात हिरवट पांढरं काहीतरी होतं. असा ढग तिनं लहानपणी एकदाच पाहिला होता. हातातली बादली तिथंच टाकून ती धावत मनोरा चढली, हाताला फडकं गुंडाळायलाही थांबली नाही.

दोर ओढायची खोली मधल्या मजल्यावर. भिंतीत नदीच्या बाजूला वीतभर रुंद फट, बाकी दगड. तिनं अंग खाली टाकलं. एक, दोन, तीन झोके मुके गेले आणि मग घंटा बोलली. पायाखालचं लाकूड थरथरायला लागलं.

जिन्यावर धापा ऐकू आल्या. गाश्पर होता. मळ्यातून पळत आला होता, टोपी हातात, घामानं निथळत.

"चालू ठेव!" तो ओरडला. "हा वाईट आहे. हा गारांचाच आहे. तुटू देऊ नकोस!"

"नमो मारिया, कृपापूर्णे," नेझा म्हणत होती. तळहात चरचरत होते. गाश्परनं भिंतीशी गुडघे टेकले आणि तोही मोठमोठ्यानं म्हणायला लागला. एरवी उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, पण आज तो स्वतः फरशीवर होता. त्याचा मळा उघड्यावर होता, वर्षभराचं त्याचं सगळं त्या उतारावर लोंबत होतं. त्या क्षणाला नेझाला त्याची कीव आली.

झोक्याबरोबर मागं जाताना तिची नजर फटीतून खाली जात होती. कुरणात माणसं गुडघ्यावर होती. तीसही जणं, चर्चकडे तोंड करून, नदीकडे पाठ करून, माना खाली घालून. पिवळा रुमाल पोलोनाचा. पुढच्या झोक्याला तिला त्यांच्या एका बाजूला, जुन्या पात्राच्या वरच्या टोकाला, झुडपांच्या बुंध्याशी काहीतरी तपकिरी हललेलं दिसलं. त्याच्या पुढच्या झोक्याला ते झुडपं ओलांडून आलं होतं.

पाणी आलं होतं. आणि कुणी बघत नव्हतं.

"ऐकत का नाहीत?" तिच्या तोंडून निघालं. "पाण्याचा आवाज कसा ऐकू येत नाही यांना?"

मग तिला कळलं. तिच्या घंटेमुळेच येत नव्हता. ती वाजत होती तोवर त्यांना दुसरं काही ऐकू येणार नव्हतं आणि ती थांबेपर्यंत ते उठणारही नव्हते.

"गाश्परदादा! पाणी आलंय! जुन्या पात्रात!"

"वाजव!"

"खाली माणसं आहेत! तिल्का आहे!"

"प्रार्थनेत आहेत ती! देवाच्या हातात आहेत! तू वाजव, थकली असशील तर मला दे!" आणि उठून त्यानं खरंच दोर धरला.

नेझानं देवाची माफी मागितली नाही. तेवढा वेळच नव्हता. दोर वर निघाला की सोडायचा, तो तिनं सोडला नाही; दोन्ही हातांना वेढा मारून धरून ठेवला. घंटेनं तिला उचललं, छताशी नेलं, खांद्यात काहीतरी कडाड वाजलं, आणि ती खाली आपटली. गाश्पर तिच्या हातांच्या वर दोर धरून ओढत होता, शिव्या देत होता. "सोड! रांडे, सोड! टेकडी बुडवशील!" ती पुन्हा लटकली. आपलं सगळं वजन, आपले गुडघे, आपली दुखरी हाडं तिनं त्या दोराला बांधली. दुसऱ्या वेळी घंटेनं तिला कमी उचललं. तिसऱ्या वेळी पाय फरशीवरच राहिले. घंटा अर्धवट एकदा ठणकली आणि गप्प झाली.

आत अशी शांतता झाली की नेझाला वाटलं आपले कानच बसले. मग त्या शांततेत खालून पाण्याची घरघर आली.

गाश्परच्या हातून दोर गळला. तो फटीशी गेला. नेझा सरपटत त्याच्या शेजारी पोचली, आणि दोघांनी गालाला गाल लावून त्या वीतभर फटीतून पाहिलं. कुरणातली माणसं माना वर करून चर्चकडे बघत होती. घंटा मधेच तुटलेली त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. मग एक डोकं पात्राकडे वळलं. मग सगळीच. दाताळी, विळे, गवताचे भारे टाकून ती पुलाकडे धावली. ओंडक्यांवरून पाणी वाहायला लागलं होतं. एकमेकांचे हात धरून ती जात होती, आणि पिवळा रुमाल सगळ्यात मागं होता; एका म्हातारीला ढकलत होता.

"तिल्का," गाश्पर पुटपुटला. "तिल्का कुठाय? निळ्या परकरात होती. दिसते का तुला? मला दिसत नाही."

"पुढं आहे. पूल ओलांडला तिनं."

"आणि तुझी?"

पिवळा रुमाल पुलाच्या मध्यावर थांबला, वाकला, पुन्हा निघाला. तो काठाला लागला आणि एक ओंडका उचलला जाऊन गरगरत गेला.

तेवढ्यात छपरावर पहिली गार पडली.

ती अक्रोडाएवढी होती. पाच मिनिटं पडली असतील गारा, फार नाही. पाच मिनिटांनंतर टेकडीवर वेली होत्या पण पान नव्हतं. हिरव्या द्राक्षमण्यांचा चिखल झाला होता. गाश्पर जिना उतरून आपल्या मळ्यात गेला आणि वेलींच्या रांगांमधून नुसता इकडून तिकडे चालत राहिला.

दोन दिवसांनी बैठक झाली. नेझाचा हात गळ्यात बांधलेला होता. बैलांची एक जोडी आणि सगळं गवत गेलं होतं; माणूस एकही गेलं नव्हतं. तरी कुणी तिच्याकडे धड बघेना. ज्यांच्या बायका-पोरी कुरणात होत्या त्यांचेच मळे उतारावर होते. त्यांनी तिला काय म्हणावं?

गाश्पर उभा राहिला. दाढी वाढली होती. "एकच विचारतो. तू दोर धरलास तेव्हा तुला कोण दिसत होतं?"

"पोलोना."

"तीस माणसं नव्हती दिसत?"

नेझानं खोटं बोलायचं ठरवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. "पोलोनाच दिसत होती," ती म्हणाली. "बाकीची तिच्या शेजारी होती."

कुजबुज झाली. "बघा," कुणीतरी म्हणालं. "स्वतःच्या पोरीसाठी गाव झोडपला."

"अरे, मग मी कोण होते तिथं? मी काय गवताचा भारा होते?" तिल्का उसळून उठली. पण गाश्परनं "बस खाली" म्हटल्यावर बसली आणि डोक्याच्या रुमालात तोंड लपवून रडायला लागली.

फादर ब्लाझ म्हणाले, "प्रार्थना सोडून माणसाला वाचवणं, हेही..." आणि पुढचा शब्द त्यांना सापडेना. इतक्या लोकांचे डोळे त्यांच्यावर होते, आणि सगळ्यांची पिकं गेली होती. ते खोकत बसले.

"ठरलं होतं ते ठरलं होतं," गाश्पर म्हणाला. त्यानं हात पुढं केला. नेझानं मनोऱ्याची किल्ली त्या हातावर ठेवली. ती खिशात टाकून तो सरळ बाहेर पडला.

घंटेच्या घरात लोय्झ राहायला आला. मायलेकी टेकडीखाली एका विणकराच्या ओसाड झोपडीत गेल्या आणि मिळेल ते काम करू लागल्या. खांदा बरा झाला, पण नेझाच्या मनात एक गोष्ट रुतून बसली. तिला प्रार्थना येईना. नमो मारिया म्हणायला तोंड उघडलं की पुढं घंटेचा तो अर्धवट ठणका ऐकू यायचा आणि शब्द तिथंच राहायचे. आपण देवाला बोलता बोलता मधेच तोडलं, असं तिला वाटायचं. त्यानं आपल्याला सोडलं की आपण त्याला, हे कळेना, आणि विचारायला जावं तर फादर मधमाश्यांत गुंतलेले.

"मनात नाही आलं तर नको म्हणूस," पोलोना म्हणाली. "देव काही उपाशी बसत नाही."

"मी बसते ना," नेझा म्हणाली.

सप्टेंबरच्या तोंडाशी कुरणात शेवटची कापणी निघाली. पुराचा गाळ पडून गवत विरळ आलं होतं, पण गावात दाण्याची चणचण, म्हणून सगळेच उतरले. नवे ओंडके टाकलेले होते. गाश्परही विळा घेऊन आला होता. वर मळ्यात राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो नेझापासून चार रांगा लांब कापत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता.

दुपार कलली आणि डोंगरामागून ढग वर आला. थोड्याच वेळात टेकडीवरून घंटा सुरू झाली. लोय्झचा हात जड, आवाज दणदणीत.

विळे थांबले. पण गुडघे कुणीच टेकले नाहीत. तीसेक माणसं हातातलं काम तसंच धरून उभी राहिली, आणि एकेक करून त्यांची तोंडं नेझाकडे वळली. म्हातारी, गडी, तिल्का, सगळे. सगळ्यात शेवटी गाश्पर.

नेझा घाबरली. एवढे डोळे तिनं बैठकीतच पाहिले होते. तिला वाटलं, पुन्हा काही चुकलं का? मग तिल्का म्हणाली, "काय गं नेझा? काय करायचं?"

नेझानं नदीकडे पाहिलं. पाणी शांत दिसत होतं. जुनं पात्र कोरडं होतं. पण डोंगर दिसत नव्हता, आणि घंटेच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

"आधी पलीकडे चला," ती म्हणाली. "सगळे. विळे घेऊन. गवत राहू द्या."

"आणि घंटा?" एकजण म्हणाला. "घंटा वाजतेय."

"वाजू दे. पलीकडे गेल्यावर टेकू गुडघे."

मग गाश्परनं विळा खांद्यावर टाकला आणि पुलाकडे निघाला. ओंडक्यांपाशी थांबून तो म्हातारीला हात देऊ लागला, मग तिच्या मागच्या बाईला, मग तिच्या मागच्या गड्याला. नेझा शेवटी आली तेव्हा त्यानं तिलाही हात दिला.

टेकडीच्या पायथ्याला, चढावर, सगळ्यांनी गुडघे टेकले. ढग डोक्यावर येऊन उभा राहिला. गाश्पर नेझाच्या शेजारीच होता, टोपी छातीशी धरलेली.

"आता?" त्यानं हळूच विचारलं.

नेझानं एकदा खालच्या पात्राकडे पाहिलं. सगळी माणसं या बाजूला होती. तिनं ती तोंडातल्या तोंडात मोजली, तीस भरली, पोलोना धरून.

"आता," ती म्हणाली, आणि नमो मारियाला तिनंच सुरुवात केली.